अकरा घरांचा अभिप्राय

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्याला सांगायला हवं होतं, तर तो आधीच गेला. मुलगा फोनवर भेटतो रविवारी, त्याला काय सांगणार? — की तुझ्या आईने एकदा एक पुस्तक अर्धवट वाचलं? तो हसेल. तुम्हीही कदाचित हसाल. एवढ्याशा गोष्टीचा कसला कबुलीजबाब, म्हणाल. म्हणा. पण आधी ऐकून घ्या, कारण इथे ऐकायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन भोपाळला आले ती बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये, नवरा कारखान्यात इंजिनिअर होता. नंतर आम्ही इंद्रपुरीत स्वतःचं घर घेतलं, आणि आता त्या घरात मी एकटी असते. शाळेत विज्ञान शिकवायची. मराठीशी माझा संबंध घरात बोलण्यापुरता आणि वाचण्यापुरता. पण इथल्या मराठी बायकांमध्ये मी मराठीची अधिकारी व्यक्ती होऊन बसले, ते केवळ पुण्याची म्हणून. बाकीच्या बहुतेक इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, उज्जैनच्या. बोलायला गोड, पण शिक्षण सगळं हिंदीत. लिहायची वेळ आली की त्यांचा हात अडायचा. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी शहाणी. आणि खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडायचं.

आमचं एक पिशवी मंडळ होतं. बारा घरं. एका कापडी पिशवीत एक मराठी पुस्तक आणि एक वही. प्रत्येक घरात पिशवी दोन आठवडे राहायची. पुस्तक वाचायचं, वहीत अभिप्राय लिहायचा, खाली नाव घालायचं नाही, आणि बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेताना पिशवी पुढच्या घराच्या हातात द्यायची. नाव न घालण्याचा नियम मीच केला होता. म्हणजे मोकळेपणाने लिहिता येईल, असं मी म्हटलं होतं. बारा बायका वर्षानुवर्षं एकमेकींना दिवाळीच्या फराळाच्या पाककृती लिहून देत होत्या, कुणाचं अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं? पण नियम पाळल्यासारखा आम्ही पाळायचो.

पिशवी निघायची माझ्या घरून. तोही पायंडा. "बापट वहिनी, पहले तुम्ही लिहा न," ग्वाल्हेरच्या शितोळेबाई म्हणायच्या, "मग आम्ही ते बघून लिहून देऊ. आमची मराठी तर तुम्हाला माहितीच आहे." मी नको-नको म्हणायची आणि लिहायची. बघून लिहून देऊ याचा अर्थ काय, याचा मी कधी विचार केला नाही. का केला नाही? शाळेत तर मुलांच्या वह्या पाहून मला लगेच कळायचं कुणी कुणाचं उतरवलंय.

बारावं घर एस्तेरचं. एस्तेर साळवे. नगरकडची, कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नव्हतं. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची आणि दर गुरुवारी साडेचारला माझ्याकडे चहाला यायची. माझं बाळंतपण, नवऱ्याचं शेवटचं आजारपण, सगळ्याला ती उभी राहिलेली. मी तिला एस्तेर म्हणायची, अगं-तुगं करायची. ती मला वहिनी म्हणायची, अहो-जाहो करायची. वयाने ती माझ्यापेक्षा वर्षभराने मोठीच. हे आता सांगताना मला जाणवतंय — तेव्हा नाही जाणवलं.

पिशवीतलं प्रत्येक पुस्तक ती शेवटपर्यंत वाचायची. संतांवरची वाचली, पेशव्यांवरची वाचली, एक तर पानोपानी व्रतवैकल्यं असलेली जाडजूड कादंबरी आली होती, तीही वाचली. आम्ही चार ओळी लिहायचो, ती दीड पान लिहायची. आम्ही तिला चिडवायचो, साळवे सिस्टरांनी पुस्तकाचं टेम्परेचरसुद्धा घेतलंय म्हणून.

निवृत्त झाल्यावर तिने कादंबरी लिहिली. खरं तर लिहून झाली होती कधीच, माझी-तिची ओळख होण्याच्याही आधी, नगरला असताना. ती फक्त सुधारून तिने छापली. डोंगरातल्या एका छोट्या इस्पितळातली शलोमी नावाची नर्स, पूल बांधायला आलेल्या एका इंजिनिअरवर तिचं मन बसतं, आणि तिला निनावी पत्रं येऊ लागतात — त्याला सोड, नाहीतर वाईट होईल. कोण पाठवतंय ते शोधायचं. प्रेम, रहस्य, आणि मधेमधे शलोमीच्या प्रार्थना. पुस्तकाचं नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या तोंडून ते पुन्हा जायला नको.

एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिच्या चर्चमधले सगळे हिंदी बोलणारे, थोडे केरळचे. मराठी वाचणारं तिथे एकही माणूस नव्हतं. भोपाळमध्ये तिची कादंबरी वाचू शकतील अशी माणसं म्हणजे आमची अकरा घरं. बस. ती म्हणाली होती, "माझी आई मराठीत प्रार्थना करायची वहिनी, मला दुसऱ्या भाषेत लिहिताच येत नाही." आणि दुसऱ्या कादंबरीची दोन प्रकरणंही तिने एका लाँगबुकात लिहून ठेवली होती. पुढचं कधी लिहिणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पिशवी फिरून येऊ दे. लोकांनी वाचलं तर लिहीन. आवडलं नाही तरी चालेल."

आवडलं नाही तरी चालेल. ऐकलंत ना?

पिशवी पहिल्यांदा माझ्याकडे आली. मी वाचायला घेतलं. चांगलं चाललं होतं, म्हणजे अगदी खरं सांगते, चांगलं होतं. थंडीतलं ते इस्पितळ, रात्रपाळीला पाण्यात भिजवून ठेवलेल्या काचेच्या सिरिंजा, शलोमी आणि तिच्या खोलीत राहणारी कुसुम यांच्या गप्पा. चौऱ्याहत्तराव्या पानावर इस्पितळातला नवा डॉक्टर मागच्या अंगणात कागद जाळताना दिसतो. पंचाहत्तराव्या पानावर शलोमी गुडघे टेकते आणि प्रार्थना करते. पान संपलं तरी प्रार्थना चालूच. पुढच्या पानावरही.

मी पुस्तक मिटलं. मनात म्हटलं — झालं, आलं यांचं.

यांचं. म्हणजे कुणाचं? नाताळला तिच्या हातच्या करंज्या खाणारी मी, आम्ही काही तसलं मानत नाही बाई, असं चारचौघांत सांगणारी मी. शलोमी समईपुढे बसून रडली असती आणि दीड पान स्तोत्र म्हटलं असतं, तर मी मिटलं असतं का पुस्तक? नसतं मिटलं. त्या व्रतवैकल्यांच्या कादंबरीला मी वहीत "संस्कारक्षम" लिहिलं होतं.

मनात आडवं आलं ते एवढंच. भांडण नाही, हेवा नाही, तसं काही मोठं कारण नाही. वाटलं, नंतर वाचू. मग भाचीचं लग्न निघालं, मग दोन आठवडे संपले आणि हाटाचा दिवस आला. मी वही उघडली आणि ओट्याशी उभ्या उभ्या, कुकरची दुसरी शिटी होईस्तोवर, लिहून टाकलं. मला ते शब्द पाठ आहेत. "भाषा ओघवती. प्रार्थनेचे प्रसंग कमी असते तर कथानकाला गती आली असती. निनावी पत्रांमागे डॉक्टर आहे हे अर्ध्यातच लक्षात येत असल्याने रहस्य टिकत नाही. तरीही प्रयत्न स्तुत्य."

डॉक्टरचं मी ठोकून दिलं. कागद जाळतोय म्हणजे तोच असणार — दुसरं कोण? आणि पहिल्या पुस्तकात लोक सोपंच काहीतरी लिहितात, असं माझं मत. उंटावरून शेळ्या हाकायला मला काय लागतं?

पिशवी पाच महिने फिरली. त्या पाच महिन्यांत एस्तेर दर गुरुवारी आली आणि तिने पुस्तकाबद्दल मला एकदाही विचारलं नाही. नियमच होता तसा, पिशवी फिरत असताना बोलायचं नाही. मात्र चहा पिताना ती अधूनमधून माझ्याकडे बघायची आणि हसायची, पोरींना निकालाच्या आधी येतं तसं हसू. मी बिस्किटं पुढे करायची.

मग एका गुरुवारी ती वही घेऊनच आली. वही मांडीवर ठेवून बसली. मी चहा आणून ठेवला. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली आणि मी वाचलं. पहिला अभिप्राय माझा. दुसरा: भाषा ओघवती आहे, प्रार्थना कमी पाहिजे होत्या, डॉक्टरच आहे हे आधीच लक्षात येतं, प्रयत्न स्तुत्य. तिसरा: डॉक्टरचं कॅरॅक्टर सुरुवातीपासूनच शकी वाटतं, प्रयत्न खूपच स्तुत्य. चौथा, पाचवा... शितोळेबाईंनी लिहिलं होतं की डॉक्टर गुन्हेगार निघाला तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. उज्जैनच्या एकीने तर डॉक्टरला शेवटी शिक्षा झाली हे वाचून समाधान वाटलं, असंही लिहिलं होतं. अकरा अभिप्राय, अकरा डॉक्टर.

मी मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. डॉक्टर नव्हता.

अकरा घरांतून पाच महिने फिरून आलेलं पुस्तक कुणीही वाचलेलं नव्हतं, आणि हे तिला पहिल्याच बैठकीत, आमच्याच हस्ताक्षरात कळलं होतं. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. वहिनींनी वाचलंय ना, मग झालं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत ना?"

"म्हणजे काय. वाचलं की."

"आणि डॉक्टरच, असं वाटलं तुम्हाला?"

इथे मला परत फिरता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं — अगं, नाही वाचलं मी, चुकलं माझं. ती रागावली नसती, मला ठाऊक आहे. मग का नाही म्हटलं? शहाणी गाय होते ना मी. मी म्हटलं, "मला अंदाज आलाच होता डॉक्टरचा. तू शेवटी जरा वळवायला बघितलंयस, पण मला काही ते पटलं नाही."

म्हणजे बघा. जो शेवट मी वाचला नव्हता, तो मला पटला नाही असं मी तो लिहिणाऱ्या बाईला तोंडावर सांगितलं.

ती तशीच बसून राहिली. चहावर साय धरली. माझ्याकडे बघत होती, पण रागाने नाही — मला त्या नजरेचा अर्थ तेव्हा लावता आला नाही. वाट बघितल्यासारखी होती. शेवटी तिने वही मिटली, "बरं," म्हणाली, आणि माझा गुडघा आता कसा आहे ते विचारलं. मी सांगायला लागले.

पुढे तिने बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला चिडायला जागा मिळाली असती. दर गुरुवारचं एका आड एक गुरुवार झालं, मग महिन्यातून एकदा, मग नाताळच्या करंज्यांचा डबा तेवढा येत राहिला. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून मी त्यात तिळाच्या वड्या घालायची. दुसऱ्या कादंबरीचं मी विचारलं नाही. एकदा तिच्याकडे गेले असताना ते लाँगबुक फ्रीजवर दिसलं. ती आत पाणी आणायला गेली होती, मी उघडून पाहिलं. दोन प्रकरणं, आणि त्यापुढच्या पानापासून रोजचा रक्तदाब लिहिलेला, सकाळचा आणि संध्याकाळचा. पानामागून पानं. मी ते होतं तसं ठेवून दिलं.

पुस्तकाची दुसरी एक प्रत मंडळाची पुस्तकं ठेवायच्या कपाटात होती. सहा-सात वर्षं होती. मी ती कधी मागितली नाही. खरा गुन्हेगार कोण होता हे मला कळून घ्यायचं नव्हतं — कळलं असतं तर मला तिच्याकडे जावं लागलं असतं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेतच गेली. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना ठेवली होती, आम्ही मंडळातल्या उरलेल्या सातजणी गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. पाद्री हिंदीत बोलले, तिने किती लोकांची सेवा केली ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "साळवे सिस्टर ने एक किताब भी लिखी थी, मराठी में। हम तो पढ़ नहीं पाए। उनकी सहेलियाँ आई हैं, कोई दो शब्द कहना चाहें?"

सहाजणींनी माझ्याकडे बघितलं. अर्थातच.

मी उठले. हो, उठले. त्या माणसांपुढे, तिच्या फोटोपुढे उभी राहून मी दोन मिनिटं बोलले. भाषा ओघवती होती म्हटलं. रहस्य शेवटपर्यंत उत्तम टिकवलं होतं, असंही म्हटलं. मागे शितोळेबाई मान डोलवत होत्या. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईने येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, अच्छा हुआ किसी ने तो पढ़ी.

मी हात धरू दिले.

बाहेर तिची नगरची भाची उभी होती. तिने माझ्या हातात आमची जुनी कापडी पिशवी दिली. आत तेच पुस्तक होतं, अकरा घरं फिरलेलं, आणि वही. "आत्या म्हणायची, हे बापट वहिनींना द्यायचं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यात आधी वाचलं होतंत ना." हे एस्तेर तिच्याशी काय म्हणून बोलली होती, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पिशवी आठ दिवस दाराच्या खुंटीवर होती. मग मी वाचायला बसले. दुपारची, जेवण उरकून, गॅलरीतल्या खुर्चीत. पंचाहत्तरावं पान ओलांडलं. ब्याऐंशी आणि त्र्याऐंशी ही पानं उघडेनात. छापखान्यात कापताना वरची कड सुटून गेली होती, दोन्ही पानं वरून एकमेकांना जोडलेलीच. भाजीची सुरी आणून मी ती कापली. म्हणजे अकरा घरांत ती कुणी उघडलीच नव्हती, आणि हे तिलाही दिसलं असणार. तिने ती कापली नव्हती. तशीच ठेवली होती.

तीन दुपारी लागल्या. पुस्तक चांगलं आहे. हे मी आता म्हणू शकते आणि आता त्याला काही अर्थ नाही. डॉक्टर बिचारा स्वतःच्या मेलेल्या बायकोची पत्रं जाळत होता. निनावी पत्रं लिहिणारी कुसुम — शलोमीच्या खोलीत राहणारी, रोज तिच्यासाठी चहा करणारी, तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. शलोमी लग्न करून गेली तर आपण एकट्या पडू, एवढंच तिचं कारण.

शेवटच्या प्रकरणात शलोमी ती सगळी पत्रं घेऊन कुसुमपाशी येते आणि चुलीजवळ बसते. रागावत नाही. म्हणते, पहिल्याच पत्रावरून तुझं अक्षर मी ओळखलं होतं. कुसुम विचारते, मग बोलली का नाहीस? शलोमी म्हणते, तू सांगशील म्हणून थांबले.

मी ते पान पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. मग पुस्तक मांडीवर उपडं ठेवून बसून राहिले. समोरच्या घरी कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. मला कुणाला तरी हाक मारावीशी वाटली, आणि जिला मारायची ती एकच होती.

तिने हे माझ्यासाठी लिहिलं नव्हतं. लिहिलं तेव्हा ती मला ओळखतही नव्हती. शलोमी क्षमा करते ती कुसुमला, आणि कुसुमने ती मिळवलेली आहे — ती बोलते, चुलीपुढे बसून दीड पानभर सगळं सांगते, एकही गोष्ट लपवत नाही. त्या क्षमेत मी शिरणार नाही. तेवढं तरी दुसऱ्याचं ढापू नये.

त्या गुरुवारी एस्तेर माझ्यासमोर वही मांडीवर घेऊन बसली होती, चहावर साय धरत होती, आणि ती थांबली होती. मी तिला माझ्या गुडघ्याबद्दल सांगितलं. डावा जास्त दुखतो, जिना चढताना, थंडीत तर फारच. चांगली वीस मिनिटं सांगत होते.